कामगार मन लावून काम करत नाहीत असं वाटतं तेव्हा आधी मशीन का थांबतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर जॉबवर्क करणारा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग कापून देणारा कारखाना, चौदा मशीन, दोन पाळ्यांत मिळून पंचेचाळीस माणसं. ऑर्डर भरपूर, पण डिस्पॅच वेळेवर जात नाही. मालकांनी शॉपमध्ये कॅमेरे बसवले, टार्गेट वाढवलं, दर महिन्याला ‘उत्तम कामगार’ निवडायला सुरुवात केली. फरक पडला नाही. मुलं मोबाईलवर दिसतात आणि सहा महिन्यांत चाकणला निघून जातात. लोकांकडून जास्त काम, तेही मनापासून, कसं करून घ्यावं आणि इन्सेंटिव्ह लावावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात आधी शॉप फ्लोअरवर आणि नंतर प्लँट सांभाळत पंचवीसेक वर्षं काढली. आता लहान कारखान्यांबरोबर काम करते. हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि माझं उत्तर दर वेळी एका हिशोबापासून सुरू होतं.

सीएनसीवर जॉब, म्हणजे करायला आलेला भाग, किती वेळात कापला जाणार हे प्रोग्रॅम ठरवतो. ऑपरेटर कितीही तळमळीचा असला तरी तो सायकल टाइम कमी करू शकत नाही. समजा लोडिंग-अनलोडिंग धरून एका नगाला ४ मिनिटं लागतात. पाळी ४८० मिनिटांची. जेवण आणि दोन चहा मिळून ५० मिनिटं वजा केली की ४३० उरतात, म्हणजे १०७ नग. प्रत्यक्षात ७० निघत असतील तर मशीन २८० मिनिटं चाललं आणि १५० मिनिटं उभं राहिलं. त्या अडीच तासांत काय झालं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. टार्गेट वाढवून त्याला उत्तर मिळत नाही, आणि कॅमेऱ्यात फक्त उभा असलेला माणूस दिसतो. तो कशासाठी उभा आहे ते दिसत नाही.

तो बहुतेक वेळा वाट बघत उभा असतो. नव्या जॉबसाठी मशीनचं सेटिंग झालं, पहिला नग तपासून मंजूर व्हायला क्वालिटीकडे गेला, इन्स्पेक्टर दुसऱ्या मशीनवर आहे. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) संपला, टूल क्रिबची, म्हणजे हत्यारांच्या कपाटाची किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर गेटवर मटेरियलची गाडी उतरवून घेतोय. बोअर गेज (भोकाचं माप घेणारं साधन) एकच, तो दोन मशीनना लागतो. रात्रपाळीत ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन हातात आली आणि विचारायला कोणी नाही. अशा वेळी विशीतल्या मुलाच्या हातात मोबाईल येणारच. मोबाईल हा थांबण्याचा परिणाम असतो, आणि आपण त्यालाच कारण समजून नोटीस लावतो.

म्हणून पहिलं काम एवढंच करा. प्रत्येक मशीनला एक साधी वही बांधा. मशीन पाच मिनिटांहून जास्त थांबलं की ऑपरेटरने तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता थांबलं, किती वाजता चालू झालं, कशामुळे. मराठीत, हिंदीत, जमेल तसं. छापील फॉर्म, कोड नंबर, सॉफ्टवेअर यातलं सुरुवातीला काहीही नको. मात्र एक अट पाळा आणि ती सगळ्यांसमोर बोलून दाखवा: या वहीतल्या नोंदीवरून कोणाचा पगार कापला जाणार नाही, कोणाला मेमो मिळणार नाही. ही अट एकदा जरी मोडली तरी वहीत पुढे वर्षभर ‘पॉवर गेली’ एवढंच लिहिलेलं सापडेल.

मालकांना हे फार किरकोळ वाटतं, म्हणून एक दाखला देते. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पालघरमधल्या तारापूर आणि शेजारच्या उंबरगाव भागातल्या कापड कारखान्यांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार दिले आणि बाकीच्यांशी तुलना केली. सल्लागारांनी करून घेतलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या: बिघाडांची नोंद, कापडातल्या दोषांची नोंद आणि त्यावर नियमित चर्चा, मागांची वेळच्या वेळी देखभाल, सुताचा आणि सुट्या भागांचा साठा नीट लावून ठेवणं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्याआधी या गोष्टी का झाल्या नव्हत्या, तर बऱ्याच मालकांना त्यांची माहितीच नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना आपल्याकडे त्यांची गरज नाही असं वाटत होतं. भोसरीत मी हेच वाक्य किती वेळा ऐकलं आहे.

वह्या भरायला लागल्या की दोन आठवड्यांत चित्र दिसतं. जॉबवर्कच्या शॉपमध्ये सर्वांत मोठा वाटा बहुतेकदा सेटिंग बदलण्याचा आणि पहिल्या नगाच्या मंजुरीचा असतो, कारण लॉट लहान आणि जॉब सारखे बदलणारे. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी सेटिंगची विभागणी सांगितली ती इथे थेट उपयोगी पडते. काही कामं मशीन थांबल्याशिवाय होत नाहीत: जॉज (जॉब पकडणारे जबडे) बदलणं, फिक्स्चर (जॉब जागेवर धरणारी चौकट) बसवणं, ऑफसेट घेणं (टूलची मापं मशीनला देणं). पण पुढच्या जॉबचं फिक्स्चर शोधणं, टूल होल्डरमध्ये नवे इन्सर्ट बसवून ठेवणं, गेज आणि ड्रॉइंग आणणं, कच्चा माल मशीनजवळ आणून ठेवणं ही सगळी कामं आधीचा जॉब चालू असतानाच होऊ शकतात. एक ट्रॉली करा, पुढच्या जॉबचं सगळं तिच्यावर, आणि ती लावण्याची जबाबदारी एका हुशार हेल्परवर टाका. त्या हेल्परला सेटिंग आपोआप शिकायला मिळतं, हा वरचा फायदा.

पहिल्या नगाची मंजुरी हा विश्वासाचा प्रश्न आहे. ज्या ऑपरेटरला तुम्ही चाळीस-पन्नास लाखांचं मशीन सोपवता, त्याला मायक्रोमीटर वाचून ‘नग बरोबर आहे’ असं सही करून सांगण्याचा अधिकार देत नाही. त्याला शिकवा, परीक्षा घ्या, पास झाला की त्याचं नाव बोर्डावर लावा: अमुक जॉबसाठी हा स्वतः पहिला नग मंजूर करू शकतो. जिथे चूक झाली तर ग्राहकाची लाइन थांबेल अशा मापांसाठी इन्स्पेक्टर ठेवा, बाकीचं सोडा. रात्रपाळीत याने जो फरक पडतो तो बघण्यासारखा असतो.

आणि इथेच मन लावून काम करण्याचा मुद्दा सुरू होतो. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ अशी भाषणं आणि भिंतीवरचे सुविचार यांनी काही होत नाही, हे तुम्ही अनुभवलंच आहे. ज्या कामात आपलं मत विचारलं जातं आणि आपल्या निर्णयाने काहीतरी ठरतं, त्या कामाला माणूस जीव लावतो. १९५३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले होते. तिथे ऑटोमॅटिक माग बसवूनही अपेक्षित उत्पादन मिळत नव्हतं. कामाचे बारीक तुकडे पाडून एकेका माणसाला एकेक तुकडा दिलेला होता आणि संपूर्ण मागाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. राइस यांनी ठराविक मागांचा एक गट आणि त्यांची सगळी कामं मिळून करणारा माणसांचा एक छोटा गट, अशी रचना सुचवली. कामगारांनी ती उचलून धरली आणि गट आपसात ठरवून स्वतःच बनवले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं.

तुमच्याकडे चौदा मशीन आहेत. एका प्रकारच्या जॉबची तीन-चार मशीन एकत्र करून एक सेल करा आणि तो दोन-तीन माणसांच्या हवाली करा. चहाला कोण कधी जाणार, कोणत्या मशीनवर कोण, एक जण रजेवर असेल तर काय, हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही त्यांच्याकडून पाळीचे ओके नग आणि रिजेक्शन एवढंच विचारायचं. सुरुवातीला सुपरवायझरला हे आवडणार नाही, कारण त्याचा अधिकार गेल्यासारखं वाटेल. त्याच्याशी वेगळं बोला.

सुपरवायझरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बरीच गळती तिथे असते. लहान कारखान्यात सर्वांत चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने माणसं सांभाळावीत अशी अपेक्षा ठेवतात. त्याला मशीन कळतं. पण एखाद्याला चार लोकांसमोर न ओरडता चूक कशी दाखवायची, दोन पाळ्यांतलं भांडण कसं मिटवायचं, काम नीट वाटून कसं द्यायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. तो दिवसभर फोनवर मटेरियल आणि प्लेटिंगवाल्याच्या मागे असतो. त्याचं ते मागे धावणं तुम्ही स्टोअरच्या माणसाकडे द्या. सुपरवायझरने पाळीतला बहुतेक वेळ मशीनच्या रांगेत असायला हवं. नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं त्याने स्वतः शिकवायची, हे त्याच्या कामाच्या यादीत लिहून द्या. लातूर, नांदेड, बीडहून आलेला आयटीआयचा मुलगा किंवा बिहार-ओडिशाहून आलेला कंत्राटी कामगार कंपनी सोडतो तेव्हा बऱ्याचदा तो सुपरवायझरच्या तोंडाला कंटाळून सोडतो. चाकणचे हजार-पंधराशे रुपये जास्त, हे नंतर सांगायचं कारण असतं. शिवीगाळ बंद, हा नियम मालकाने स्वतः पाळून घालून द्यावा लागतो. कामगार मालकाकडे बघूनच ठरवतात की इथे कसं बोललं चालतं.

आता कामाच्या हेतूबद्दल. अमेरिकेत अॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या लोकांची, त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेट घडवली. एवढ्याशा भेटीनंतर पुढच्या महिन्यात त्यांचा फोनवर बोलण्याचा वेळ आणि गोळा केलेली रक्कम दोन्ही दुपटीहून जास्त झाली. साहेबांनी ‘तुमचं काम महत्त्वाचं आहे’ असं सांगून तेवढं होत नाही. ज्याला आपल्या कामाचा उपयोग होतो, तो माणूस समोर दिसावा लागतो.

तुमच्या ऑपरेटरला विचारून बघा, तो रोज शंभर नग करतो तो पार्ट कुठे बसतो. दहातल्या आठ जणांना फक्त पार्ट नंबर माहीत असेल. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीत आडव्या होलच्या तोंडाशी बर (कापल्यावर कडेला राहिलेली धातूची बारीक कड) राहिली तर ती पुढे तेलात सुटते, स्पूलमध्ये (व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्यात) अडकते आणि तो व्हॉल्व्ह ज्यात बसतो त्या मशीनचा हात जागेवर थांबतो किंवा खाली येतो. हे ज्याला कळलं तो डीबरिंग करताना, म्हणजे बर काढताना, होलमधून बोट फिरवून बघतो. ज्याला कळलं नाही त्याला ते क्वालिटीवाल्यांचं खूळ वाटतं. ग्राहकाकडून एक जोडलेला, कापून आतलं दिसेल असा युनिट मागून घ्या आणि सेलजवळ ठेवा. ड्रॉइंगवर जी दोन-तीन मापं खरोखर जिवाची आहेत त्यांना लाल गोल करून शेजारी कारण लिहा: इथे ऑइल सील बसतं, ओरखडा चालत नाही. आणि ग्राहकाच्या लाइनवर तक्रार आली की मालक आणि क्वालिटी मॅनेजरच्या जोडीने तो नग करणाऱ्या ऑपरेटरलाही घेऊन जा. शिक्षा म्हणून नेऊ नका, बघायला न्या. आपला पार्ट न बसल्यामुळे थांबलेली लाइन ज्याने स्वतः पाहिली, त्याच्याशी क्वालिटीबद्दल परत बोलावं लागत नाही. परत आल्यावर त्याने बाकीच्यांना सांगायचं.

सकाळी आणि पाळी बदलताना बोर्डासमोर उभ्याने दहा मिनिटांची सभा घ्या. काल ठरलेले नग, झालेले नग, रिजेक्शन, आणि वह्यांतली सर्वांत मोठी तीन थांबणी. प्रत्येकापुढे एक नाव आणि एक तारीख. तुमचं नावही त्यात आलं पाहिजे. दुसरा बोअर गेज घ्यायचा असेल तर त्यापुढे मालकाचं नाव, आणि त्या तारखेला गेज आलेला दिसला पाहिजे. लोक याच गोष्टीवर लक्ष ठेवून असतात. आपण लिहिलं आणि आठवड्यात काहीतरी झालं, हे दोनदा घडलं की तिसऱ्यांदा तुम्हाला विचारावं लागत नाही. ते स्वतः सांगायला लागतात की कूलंटचा पाइप इकडून घेतला तर चिप्स अडकणार नाहीत.

याच्या आधी काही देणी चुकती असायला हवीत. पगार सात तारखेला, पीएफ वेळेवर भरलेला (मुलं मोबाईलवर पासबुक बघतात, त्यांना सगळं कळतं), ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे कसा असतो ते दुपारी दोन वाजता मशीनजवळ अर्धा तास उभं राहून बघा. बंगळुरूच्या आसपासच्या कपड्यांच्या कारखान्यांत ट्यूबलाइट काढून एलईडी लावले, तेव्हा दिव्यांची उष्णता कमी झाल्यामुळे कडक उन्हाच्या दिवसांतलं उत्पादन वाढलं, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. छतावर टर्बो व्हेंटिलेटर, थंड पाणी, स्वच्छ संडास यांना मी सुविधा म्हणत नाही, उत्पादनाचाच भाग म्हणते.

रजांचंही तसंच. गावची जत्रा, पेरणी, आषाढी, गणपती, बहिणीचं लग्न या तारखा आधी माहीत असतात. जानेवारीत आणि जूनमध्ये प्रत्येकाकडून त्या घेऊन भिंतीवर लावा, त्याप्रमाणे डिस्पॅचचं वेळापत्रक करा. रजा मिळणार नाही याची खात्री असते म्हणून मुलं न सांगता जातात आणि मग परत यायला घाबरतात.

इन्सेंटिव्हबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं आहे, तर माझं मत: आत्ता लावू नका. मशीन ज्या कारणांनी थांबतं ती ऑपरेटरच्या हातात नसताना त्याच्या नगांवर पैसे ठेवले, तर तो सोपा जॉब मिळवण्यासाठी भांडेल, तपासणी टाळेल आणि खराब नग चांगल्यांच्या ट्रेखाली जाईल. सहा महिन्यांनी, थांबणी कमी झाल्यावर, सेलच्या गटाला मिळून द्या, आणि डिस्पॅच झालेल्या ओके नगांवरच द्या. हिशोब असा असावा की कामगाराला तो स्वतः कागदावर मांडता येईल. आणि एकदा ठरलेलं टार्गेट लोकांनी गाठलं म्हणून वाढवू नका. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये वायरिंग करणाऱ्या एका गटाचं निरीक्षण केलं, तेव्हा दिसलं की कामगारांनी आपसात रोजच्या कामाची एक मर्यादा ठरवली होती आणि कोणी पुढे गेला तर बाकीचे त्याला रोखत. जास्त काढलं तर दर कमी होतील किंवा माणसं कमी होतील, ही त्यांची भीती होती. भोसरीतल्या कामगारालाही तीच भीती असते आणि त्याने ती अनुभवलेलीही असते. मशीन किंवा पद्धत बदलली तरच टार्गेट बदलेल, हे लेखी द्या.

‘उत्तम कामगार’ योजना मी बंद करेन. एकाचा फोटो लागतो आणि पंचेचाळीसमधले चव्वेचाळीस जण तो का निवडला याची चर्चा करतात. त्याऐवजी प्रत्येकाला काय काय येतं याचा तक्ता लावा: कोणती मशीन, सेटिंग, पहिला नग, प्रोग्रॅम एडिट. एक पायरी चढली की पगारात ठरलेली वाढ. ऑपरेटर ते सेटर, सेटर ते प्रोग्रॅमर हा रस्ता इथे दिसत असेल तर हुशार मुलगा हजार रुपयांसाठी जात नाही. कंत्राटी मुलांना सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन बदलायची पद्धत तुमच्याकडे असेल, तर शिकवलेलं सगळं दर सहा महिन्यांनी तुम्ही स्वतःच गेटबाहेर पाठवताय. निदान मशीनवरची माणसं कायम करा. कॅमेरे गेटवर आणि स्टोअरमध्ये राहू देत, मशीनवरचे काढा. मोबाईल चालू मशीनजवळ नको, हा सुरक्षेचा नियम म्हणून ठेवा, पण घरून तातडीचा फोन आला तर निरोप लगेच पोहोचेल असा ऑफिसचा एक नंबर सगळ्यांच्या घरी माहीत असू द्या.

तारापूरच्या त्याच कारखान्यांत संशोधक काही वर्षांनी पुन्हा गेले. सुरुवातीला स्वीकारलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या गळून गेल्या होत्या. प्लँट मॅनेजर सोडून गेला किंवा मालकांना वेळ उरला नाही, ही त्यातली मोठी कारणं होती. म्हणून सकाळची सभा एकट्या सुपरवायझरवर ठेवू नका, दोघांना येऊ द्या, आणि तुम्ही स्वतः आठवड्यातून किमान तीनदा त्या दहा मिनिटांना उभे राहा.

गुरुवारी भोसरीला सुट्टी असते, तेव्हा बुधवारी संध्याकाळी वह्या बांधून टाका आणि शुक्रवारपासून सुरू करा. पहिले पंधरा दिवस नुसतं लिहू द्या, एकही प्रश्न विचारू नका. मग वाचायला बसाल तेव्हा रात्रपाळीची पानं आधी उघडा, सेटरला आणि दोन्ही पाळ्यांच्या एकेका ऑपरेटरला शेजारी बसवा, आणि सर्वांत जास्त मिनिटं खाणारं जे एक कारण सापडेल, फक्त त्याच्यावर पुढचा महिना काढा.